भामाबाईच्या मापाची सीट

पहिलंच सांगून ठेवतो, मधी टोकायचं न्हाई. टोकलं की माझं डोकं फिरतं, आन डोकं फिरलं की मी कुणाचा बाप न्हाई का आजा न्हाई, बोलून मोकळा होतो. औशात कुणालाबी विचारा, लिंबाजी सीटमेकर कसा हाय? म्हणतील, हात चांगला हाय, तोंड वाईट हाय. आसू द्या.

माझं दुकान लातूर रोडला. किल्लारीकडनं लातूरला जाणारी गाडी माझ्या म्होरून गेल्याबिगर जात न्हाई. काम मी नांदेडला शिकलो, एका सरदारजीच्या ग्यारेजात. ट्रकच्या सीटा, केबिनच्या गाद्या, हूड शिवायचं, सगळं. परत आलो तवा लातूर जिल्हा नवा नवा झाला होता. नवे हापिस, नवे साहेब, नव्या पाट्या. पाऊस तेवढा न्हाई आला. एक साल गेलं, दुसरं गेलं, हापसे नुसते खडखड करायचे, आन बाया-माणसं खडी फोडायच्या कामावर उन्हात बसायची.

देविदास माझा दोस्त. किल्लारीच्या अलीकडं त्याचं गाव. गावाचं नाव मी घेत न्हाई. त्याच्याकडं मिलिटरीतून निघालेली डिस्पोजलची जीप होती, वर फाटकं हूड. किल्लारी ते लातूर शिटा भरायचा. मागं दोन अंगाला दोन लोखंडी बाकडे, त्यावर बोटभर काथ्या, वरून रेक्झीन. खड्ड्यात चाक गेलं की माणसाचा मणका टाळूपर्यंत यायचा. माणसं शिव्या देत बसायची, पण बसायची. दुसरं होतं काय?

भामाबाई म्हणजे देविदासची बायको. माहेर तिचं तिकडं माहूरच्या अंगाला. चणीनं लहान, आन हसायला लई. सासू नागाबाई तिला म्हणायची, "दात झाकत जा गं, माणसं बघून राहिली." तर ही पदर तोंडाला लावून पुन्हा हसायची.

दोन खेपेला तिचं पोट त्या जीपच्या बाकड्यावर रिकामं झालं. दोन्ही खेपेला दवाखान्याच्या वाटंवर. दुसऱ्या खेपेला जीप माझ्याच दुकानाम्होरं थांबली. देविदास पाणी मागायला आला. माझी बायको सरजा आत चढली आन डोळे पुसत खाली उतरली. बाकड्याचं रेक्झीन नंतर मीच बदललं. ते कसं झालं होतं ते सांगत न्हाई.

तिसऱ्यांदा दिवस गेले तवा लातूरच्या डॉक्टरीणबाईनं साफ सांगितलं, "घरी पडून राहायचं. दुखलं, लाल दिसलं, की डाव्या कुशीवर झोपवून आणायचं. बसवून, धक्के देत आणली तर ह्या खेपेला पोर तर जाईलच, बाईबी जाईल."

आता तुम्ही म्हणणार, मग लातूरलाच नेऊन का ठेवली न्हाई? म्हणलं ना, टोकू नका. लातूरला त्यांचं कोण होतं? नववा लागला की धर्मशाळेत नेऊन ठेवायचं ठरलं होतं. भीती होती ती मधल्या महिन्यांची.

तर देविदास माझ्याकडं आला, उंबऱ्यावर बसला. म्हणला, "लिंबाजी, मला अंबासिडरची सीट पाहिजे. मागची, लांब. जीपमधी बसवून दे. तिला त्याच्यावर झोपवून न्यायची."

मी म्हणलं, "येड्या, जीप कुठं, अंबासिडर कुठं! मागच्या चाकांवरचे पत्र्याचे डबरे मधी येतात. सीट खाली जाणारच न्हाई."

"मग तू कशाला हायेस?" म्हणला. घ्या!

औशात-लातुरात तवा अंबासिडर होत्या त्या सगळ्या साहेबांच्या, आन सगळ्या पळत्या. मोडीतली बघायची तर नांदेड. दोघं गेलो. सरदारजीच्या ओळखीच्या भंगारवाल्याकडं देगलूरच्या एका कपड्याच्या व्यापाऱ्याची गाडी पडली होती. इंजन गेलेलं, पत्रा सडलेला, पण मागची सीट अशी ठेवलेली की जणू घरात पाव्हणे यायचे हायेत. मी स्प्रिंगा दाबून बघितल्या, एकबी आवाज करत नव्हती.

देविदास मागचं दार उघडून आत घुसला आन डाव्या कुशीवर झोपला. भर उन्हात, त्या भंगारात, डोळे मिटून. भंगारवाला माझ्याकडं बघतो, मी त्याच्याकडं. मी म्हणलं, "ऊठ ना बाबा, तुझी सासुरवाडी हाय का ही?" तर म्हणतो, "थांब रे. अशीच झोपंल ती. हालत न्हाई बघ, जराबी हालत न्हाई." मला हसू आलं आन मग आलं न्हाई. सीट यष्टीच्या टपावर बांधून आणली.

माप मी टेपानं घेत न्हाई, सुतळीनं घेतो. आकडा इकडचा तिकडं होतो, सुतळीची गाठ होत न्हाई. डॉक्टरीणबाईनं तपासणीला बोलावलं होतं, तिथून परत जाताना भामाबाई दुकानात आली. मी बाहेर उभा राह्यलो. सरजानं तिला सतरंजीवर डाव्या कुशीला निजवलं, गुडघे पोटाकडं घ्यायला लावले, आन सुतळीला दोन गाठी मारल्या. एक डोक्याची, एक गुडघ्याची. आतून ही खीखी हसून राहिली. "लिंबाजीभाऊ, पोस्टमार्टम करून राहिलाव का माझं?" मी बाहेरून म्हणलं, "वहिनी, वंगाळ बोलू नका." ती म्हणली, "बरं, न्हाई बोलत. पण उशी बी द्या हं सोबत."

त्या दोन गाठींत ती सीट बसवायची होती. चाकांच्या डबऱ्याच्या वर अँगलचा सांगाडा केला, बाकडे दोन्ही कापून टाकले. सीटच्या पाठीला बिजागऱ्या लावल्या, पाठ मागं पाडली की सपाट पलंग व्हायचा. आडवं झोपायचं, पाय दुमडून. डोक्याकडं एक बाई बसंल एवढी जागा. चार बोल्टांनी सगळं फरशीला आवळलं. तरी माझं मन भरंना. मग मागच्या चाकांच्या स्प्रिंगचे जे लोखंडी पाटे असतात, त्यातला एकएक पाटा काढला. जीप मऊ झाली, पण देविदासला म्हणलं, "आता पंधरा माणसं कोंबायची न्हाईत. कोंबलीस तर पाटे बसतील."

म्हणला, "चार बसवीन. न्हाई तर न्हाई बसवणार. आपल्याला पोर पाहिजे."

सीट तयार झाली त्या दिवशी मी म्हणलं, चल, तुझ्या गावापातूर येतो, खड्ड्यात कशी चालती बघू. मागं एकटा आडवा पडून गेलो. खरं सांगतो, झोप लागली मला. तोंडानं मोठेपणा सांगायचा न्हाई, पण असं काम मी परत केलं न्हाई.

गावात मारुतीच्या पाराजवळ, देविदासच्या घराम्होरं, जीप उभी केली. भामाबाई दारात येऊन उभी, पोट चांगलं दिसून राहिलं होतं. मी म्हणलं, "चला वहिनी, बसा. तुमच्या मापाची हाय."

तिनं पाऊल उचललं तोच नागाबाई आडवी आली. "थांब गं. परक्याच्या गाडीची सीट. त्याच्यावर कोण बसलं असंल, कोण निजलं असंल, कुणाचं काय झालं असंल. पोटुशी बाईनं आधी बसायचं न्हाई. आधी मानाचं माणूस बसू द्या."

मी म्हणलं, "मावशी, कपड्याचा व्यापारी होता, त्याच्या ढुंगणाला काय दोष असणार?" पोरंटोरं हसली. नागाबाई हसली न्हाई. आमच्या बापानं छप्पन साली घरातले देव टोपलीत भरले आन नदीला सोडून आला, तवापासून आमच्या घरात असल्या गोष्टीला थारा न्हाई. पण दुसऱ्याच्या दारात किती बोलणार? तिथं मला चहा काचेच्या गिलासात आला, बाकीच्यांना कपबशीत. मी गिलासाकडं बघितलं, देविदासनं खाली बघितलं. जाऊ द्या, म्हणलं, आज सीटचा दिवस हाय.

मानाचं माणूस म्हणजे भगवानराव, गावचे सरपंच. फेटा नीट करत आले. नारळ फुटला, सीटला हळदकुंकू लागलं, भगवानराव चढले आन मधोमध बसले. आधी सावरून बसले. मग पाठ टेकली. मग एक पाय दुसऱ्यावर घेतला. "अरे देविदास," म्हणले, "ही जीप हाय का दिवाणखाना? चालव, चालव, गावाला एक चक्कर मार!"

चक्कर मारली. मग ग्रामसेवक बसला. मग पुजारी, मग भगवानरावांचे पाव्हणे, मग सोसायटीचा चेअरमन. मान द्यायला लागलं की गावात मानाच्या माणसांना तोटा न्हाई. भामाबाई दाराच्या चौकटीला टेकून उभी, पायावर सूज, पदर तोंडाला. मला लई राग आला. मी म्हणलं, "आरं, जिच्यासाठी केली ती उभी हाय की!" तर नागाबाई म्हणती, "आज र्‍हाऊ द्या आता. उद्याच्याला आठवा लागतो. आठव्यात बाईनं गाडीत पाय ठेवायचा नसतो. नववा लागला की बसंल की. सीट कुठं पळून चालली?"

मी जायला निघालो तवा भामाबाई जीपजवळ आली. आत न्हाई चढली. बाहेरूनच हात लांब करून सीटवर फिरवला, जसा वासराच्या पाठीवर फिरवतात. "लई मऊ हाय वो भाऊ," म्हणली. मी म्हणलं, "उशी राहिली. पुढच्या खेपेला आणतो."

भगवानराव वाईट माणूस न्हाई, हे बी सांगतो, न्हाई तर म्हणाल लिंबाजी सगळ्यांनाच शिव्या देतो. पण त्याच्या पोटात गोष्ट राहत न्हाई. तालुक्याला मिटिंग झाली, तिथं एका खात्याचा मोठा साहेब दुष्काळाची पाहणी करायला आला होता. साहेबाच्या पाठीत उसण, गाडी बिघडलेली. भगवानराव उठून म्हणले, "आमच्या गावात अशी जीप हाय साहेब, पाण्याचा पेला ठेवला तर सांडायचा न्हाई."

झालं. दुसऱ्या दिवशी जीपला बोलावणं. साहेब बसला, पाठ मागं पाडून आडवा झाला, आन दिवसभर तडकलेली रानं बघत फिरला. उतरताना देविदासच्या पाठीवर हात ठेवून म्हणला, "फार बरं वाटलं." आठवड्याच्या आत गावात टँकर यायला लागला. ज्या गावात घागरीवरून बायांची डोकी फुटत होती, तिथं दाराम्होरं पाणी. भगवानराव पारावर उभं राहून म्हणले, "देविदासच्या सीटनं गावाला पाणी आणलं." नागाबाईला कोण आनंद! सुनेला म्हणली, "बघ, मानाच्या माणसाचा पायगुण."

त्यानंतर साहेबाला दुसरी गाडी चालंना. आज इकडं पाहणी, उद्या तिकडं. देविदास न्हाई म्हणला असता तर? म्हणून बघा तुम्ही, गावाचं पाणी तुमच्या न्हाई म्हणण्यावर टांगलेलं असताना. तरी एकदा तो दुकानात थांबला तवा मी झापला त्याला. म्हणलं, "सीट तुझ्या बायकोची आन पाठ साहेबाची शेकून राहिली."

"आठवा सरला की बंद," म्हणला. "भगवानरावांना सांगितलं मी तसं. नववा लागला की जीप दारातून हालायची न्हाई."

आन मग एक दिवस सकाळी सकाळी जीप दुकानाम्होरं उभी राहिली. मागं साहेब, साहेबाची बाई, त्यांची आई. सगळी नटूनथटून. देविदास उतरून पाना मागायला आला, एक बोल्ट आवळायला.

"कुठं रे?"

"माहूर. साहेबाच्या आईला रेणुकामातेचं दर्शन करायचं. उद्या माघारी."

मी त्याला कोपऱ्यात ओढला. "बाई आठव्यात आन तू माहूरला? टकुरं फिरलं का तुझं?"

तो हळूच म्हणला, "आरं, आठव्यात तर तिला हलवायचीच न्हाई ना. जीप नुसती उभीच राहते. म्हणून तर आत्ता जातो. नवव्यात कोण सोडंल मला? आन तीच म्हणली जा म्हणून. तिच्या माहेरची देवी. म्हणली, माझ्यासाठी प्रसादाचा तांबूल आणा." आन हसला. "लिंबाजी, मी मनात म्हणून ठेवलंय, ह्या खेपेला सगळं धड झालं तर पोराला घेऊन गड चढीन."

आठव्यात बाईला हलवायची न्हाई, म्हणून बाई हलणार न्हाई, म्हणून गाडी लागणार न्हाई. असा हिशोब. त्याच्या आईचा तोच, त्याचा तोच, साऱ्या गावाचा तोच. पोटातल्या पोराला कुणी सांगितलं होतं का हा हिशोब? मी रागानं तो बोल्ट एवढा आवळला की पाना निसटून बोट फुटलं.

दुसऱ्या दिवशी, ऊन डोक्यावर आलं होतं. मी एका ट्रकची गादी शिवत होतो. किल्लारीकडनं जोरजोरानं हॉर्न वाजवत एक जीप आली आन दुकानासमोर करकचून थांबली. भुजंगची जीप. त्याच लायनीवर शिटा भरणारा. मागून नागाबाईचा आवाज आला, "लिंबाजी! ए लिंबाजी! अरे बाबा, धाव रे!"

भुजंगच्या जीपमधी तसलेच लोखंडी बाकडे. भामाबाई बाकड्यांच्या मधी फरशीवर पडलेली, खाली एक वाकळ. ती वाकळ भिजून काळी झालेली. गावापासून तशी आणली होती. बैलगाडीत झोपवून आणावं तर बैल चाऱ्याच्या छावणीत. भुजंगची जीप येईपातूर किती वेळ गेला असंल, देव जाणे, आन आम्ही तर देवबी मानत न्हाई.

मी दुकानातलं होतं नव्हतं ते उचललं. शिवत होतो ती ट्रकची गादी, काथ्याचे गठ्ठे, कापूस, तिच्यासाठी करून ठेवलेली उशी. सरजा आन मी मिळून सगळं तिच्या खाली घातलं, तिला डाव्या कुशीला केलं. सरजा पोरांपाशी राहिली, मी आत बसलो. बसायला जागा कुठं? तिचं डोकं माझ्या मांडीवर घेतलं. नागाबाई तिच्या पायाशी. ती म्हातारी, जिनं मला गिलासात चहा दिला, ती माझा हात धरून बसली आन लातूर येईपातूर सोडला न्हाई.

भुजंग हळू चालवायचा तर उशीर होतो, जोरात चालवायचा तर ती कण्हती. तो रडायला लागला, "भाऊ, काय करू, हळू घेऊ का जोरात?" मला तरी काय कळतं? म्हणलं, "चालव रे, नुसता चालव."

प्रत्येक खड्ड्याला मी तिला दोन्ही हातांनी वर उचलून धरायचो. माझे हात म्हणजे काय स्प्रिंगा हायेत का? लातूरचा नाका आला तवा तिनं डोळे उघडले. ओठ सुकलेले. मला वाटलं पाणी मागती. तर म्हणती, "भाऊ, उशी आणली का?"

"आणली वहिनी. तुमच्या डोक्याखालीच हाय."

"चांगली हाय." मग म्हणली, "त्यान्ला रागावू नका. मीच म्हणले जा."

त्यानंतर ती बोलली न्हाई.

दवाखान्यात आत नेलं. डॉक्टरीणबाई धावत आली, मी तिचा चेहरा बघितला आन मला कळलं. पोर आधीच गेलं होतं. पोरगा होता. भामाबाई दिवस मावळायच्या आत गेली. डॉक्टरीण बाहेर येऊन म्हणली, "वाटेतच सगळं रक्त गेलं होतं. झोपवून आणायला सांगितलं होतं ना मी?" नागाबाई भिंतीला डोकं आपटायला लागली. "माझ्यापायी गेली गं, मी आडवी आले, मी बसू दिली न्हाई." मी धरलं तिला. आन खरं सांगू? तिच्यावर ओरडायला मी तोंड उघडलं होतं. उघडलं आन मिटलं.

देविदास दुसऱ्या दिवशी सकाळी आला. माहूरवरून येताना साहेबाच्या मंडळींना सोडून त्यानं जीप गावाकडं काढली होती. दुकानाम्होरं थांबला, सरजानं सांगितलं, तसाच परत लातूरला. मी दवाखान्याच्या फाटकात उभा होतो. त्याच्या कपाळाला गडावरचं कुंकू, वरच्या खिशात केळीच्या पानात बांधलेला तांबूल. माझ्याकडं बघितलं आन सरळ आत गेला. बऱ्याच वेळानं बाहेर आला. तांबूल हातात होता, तो कुठं ठेवायचा ते त्याला कळंना. माझ्याकडं दिला.

मग म्हणला, "चल. तिला घरी न्यायची. सीटवर झोपवून न्यायची. तेवढं तरी."

मी मान हलवली. दोघांनी जीप आवारात घेतली. सीटची पाठ पाडली, पलंग केला. मी रुमालानं पुसली. साहेबाच्या बाईचा गजरा पडला होता, तो काढून फेकला. भुजंग आन देविदास तिला उचलून घेऊन आले, पांढऱ्या चादरीत. डोकं एका कडंला टेकवलं.

आन पाय बाहेर राहिले.

माप गुडघे दुमडल्याचं होतं ना. सरजानं दुसरी गाठ गुडघ्याला मारली होती. रात्रभर ती सरळ पडलेली. मेलेल्या माणसाचे गुडघे वाकत न्हाईत. देविदासनं एकदा हळूच दुमडायला बघितलं. "भामा," म्हणला, "जरा पाय घे ना जवळ." जित्या माणसाला सांगावं तसं. मी त्याचा हात धरला. म्हणलं, "नको. ओढाताण नको तिची."

तिरपी करून बघितली, बसंना. लांबीत बघितली, बसंना. माझ्या हातचं काम, एक सूत इकडचं तिकडं नव्हतं. मग मी त्याच्याकडं बघितलं न्हाई, भुजंगच्या टूलबॉक्समधनं पाना काढला. तिला बाजूला ओट्यावर ठेवली, आन मी त्या सीटखाली घुसून चारी बोल्ट खोलले. एक बोल्ट तर निघंना, परवा मीच रागानं आवळलेला. त्याला लाथ घातली, शिव्या दिल्या, रडलो बी. निघाला. सांगाड्यासकट सीट उचलून आवारातल्या लिंबाच्या झाडाखाली ठेवली. जीपच्या रिकाम्या फरशीवर वाकळ टाकली आन भामाबाईला त्यावर सरळ निजवली. शेवटालाबी फरशीच मिळाली तिला.

देविदासनं जीप सुरू केली. नागाबाई तिच्या उशाला, मांडीवर माझी उशी. मी म्हणलं, "तुम्ही व्हा म्होरं. सीट आत मावत न्हाई. मी घेऊन येतो मागून कशात तरी." देविदासनं मागं वळून बघितलंबी न्हाई. "नको आणू," म्हणला.

जीप गेली. पाटा काढल्यामुळं फाटकावरच्या खड्ड्यातून अलगद गेली, पाण्यातून गेल्यावाणी. मी बघत राह्यलो. हातात तांबूल तसाच.

लिंबाखाली दोनतीन कुटुंबं बसली होती, गावाकडनं आलेली. त्यात एक पोटुशी पोरगी, दिवस भरलेली, खालच्या दगडावर टेकून, कमरंला हात लावून. सोबत तिची सासू, धोंडाबाई म्हणून हाक मारत होतं कुणीतरी. पोरगी सीटकडं बघून राहिली होती. उठली, सीटजवळ आली, हात लावला.

सासू ओरडली, "ए, हात काढ! कुणाची हाय, काय ठावं. साहेबाची असंल. आधी इचार." मग माझ्याकडं बघून म्हणली, "कुणाची वो ही? बसलं तर चालंल का? न्हाई तर मी बसते आधी, पोटुशीनं नको बसायला."

माझं डोकं असं फिरलं की डोळ्याम्होरं अंधारी आली. मी ओरडलो, सगळं आवार वळून बघायला लागलं. "गप बस म्हातारे! कुणी बसायचं न्हाई आधी! तीच बसंल! ही पोटुशीच्या मापाची हाय!"

म्हातारी घाबरून मागं सरली. पोरगीबी घाबरली. मग मी आवाज खाली घेतला, जमंल तेवढा. म्हणलं, "बस, माय. पाठ टेक. न्हाई तर डाव्या कुशीला हो, पाय जवळ घे. हां, असं."

ती झोपली. पाय दुमडले. डोकं एका कडंला, गुडघे दुसऱ्या कडंला, बरोबर बसली. डोळे मिटून घेतले तिनं आन म्हणली, "लई मऊ हाय वो."

मी तिथं दगडावर बसलो. तिला आत बोलावणं येईपातूर उठलो न्हाई.